दीर्घ शब्दांचे वाचन आणि विग्रहाची उपेक्षा

‘प्रकाशसंश्लेषण’, ‘विकेंद्रीकरण’ असे शब्द वाचताना विद्यार्थी अडखळतात, याचा दोष सामान्यतः संस्कृतप्रचुर परिभाषेला दिला जातो. हा आक्षेप अंशतःच खरा आहे. ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ हा शब्द नित्याचा असूनही तितकाच दीर्घ आहे. ‘सुद्धा’ आणि ‘साठी’ ही शब्दयोगी अव्यये बाजूला केली, की ‘विद्यार्थ्यां’ या सामान्यरूपातून ‘विद्यार्थी’ आणि त्यातून ‘विद्या’ व ‘अर्थी’ हे घटक हाती येतात.

मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात शब्दसिद्धीचा सविस्तर विचार केला. अध्यापनात मात्र विग्रह हा परीक्षेतील गुणांपुरता उरला; तो वाचनाचे साधन झाला नाही. वस्तुतः ‘सम्’ हा उपसर्ग व ‘श्लिष्’ (जोडणे) हा धातू दाखवून ‘संश्लेषण’ उलगडले, तर ‘विश्लेषण’ही आपोआप सुगम होते. तथापि घटकार्थ म्हणजे शब्दार्थ नव्हे; चिखलात जन्मणारे सारेच ‘पंकज’ ठरत नाही. म्हणून विग्रहातून हाती आलेला अर्थ वाक्यसंदर्भात पडताळून पाहणे आवश्यक ठरते.

ही जबाबदारी केवळ मराठीच्या प्राध्यापकांची नाही. विज्ञान व अर्थशास्त्र शिकविणाऱ्यांनीही ती स्वीकारली पाहिजे. अन्यथा विद्यार्थी संज्ञा पाठ करतील, पण संकल्पनेपर्यंत पोहोचणार नाहीत.