पंधराव्या नंबरची टीम जिंकली, म्हणजे क्रमवारी चुकली का?

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरने त्याचा सिनॉप्सिस वाचायला दिला. चार घटक एकत्र करून त्याने एक निर्देशांक बनवला होता, वजनं ४०-३०-२०-१०. मी विचारलं, "हीच वजनं का?" तो म्हणाला, "राउंड फिगर आहेत ना!" हसू नका, माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्येही हाच प्रकार होता. आज याच दुखण्याचं एक मोठं, जाहीर उदाहरण बघू: अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीची राष्ट्रीय स्पर्धा. तिथे कॉलेजची हॉकी म्हणजे मुख्यतः बर्फावरची, आइस हॉकी.

आधी रचना समजून घ्या. एनसीएएच्या पुरुष गटात, डिव्हिजन वनमध्ये, २००३ पासून १६ टीम घेतात. काही टीम आपापली कॉन्फरन्स, म्हणजे लीग, जिंकून थेट येतात. बाकीच्या क्रमवारीवरून निवडतात. मग चार ठिकाणी चार-चार टीमचे गट, आणि हरला की घरी. क्रमवारीतला नंबर म्हणजे सीड. तत्त्व सोपं आहे: पहिल्याची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी. वर्षभर चांगलं खेळलात, तर सुरुवातीची वाट सोपी.

हा नंबर येतो कुठून? बरीच वर्षं 'पेअरवाइज' नावाची पद्धत होती. प्रत्येक टीमची दुसऱ्या प्रत्येक टीमशी तुलना करायची. आपसातले सामने, दोघांचे सामाईक प्रतिस्पर्धी आणि आरपीआय नावाचा निर्देशांक हे निकष. जितक्या तुलना जिंकाल, तितके वर. यात एक गंमत आहे. अ टीम ब-पेक्षा सरस, ब ही क-पेक्षा, आणि क मात्र अ-पेक्षा सरस, असंही निघू शकतं. मतदानाच्या अभ्यासात हा पेच कोंडोर्सेच्या नावाने ओळखला जातो.

पण खरी मेख आरपीआयमध्ये आहे. त्यात स्वतःच्या विजयांना २५ टक्के वजन, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना २१ आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना ५४! म्हणजे अर्ध्याहून जास्त निर्देशांक अशा सामन्यांवर ठरतो, ज्यांतले बहुतेक तुम्ही खेळलेलेच नाहीत. परिणाम असा की अगदी दुबळ्या टीमला हरवलं तर तुमचा आरपीआय घसरू शकतो. यावर उपाय काय केला? असे 'नुकसानीचे विजय' हिशोबातून वगळले. ठिगळ लावलं, पण व्याख्या तशीच राहिली. निर्देशांक वेडंवाकडं उत्तर द्यायला लागला की आपणही हेच करतो: गैरसोयीची नोंद काढून टाकतो.

याच्या शेजारी केआरएसीएच ही पद्धत ठेवून बघा. ती ब्रॅडली आणि टेरी यांच्या १९५२च्या मॉडेलवर उभी आहे. अ-ने ब-ला हरवण्याची शक्यता दोघांच्या ताकदीच्या प्रमाणात, हे तिचं गृहीतक. ते चुकीचं असू शकतं, पण निदान ते समोर लिहिलेलं आहे आणि तपासता येतं. २५-२१-५४ मध्ये तपासायचं काय? आता पेअरवाइजची जागा एनपीआय या नव्या निर्देशांकाने घेतली आहे, पण प्रश्न त्यालाही हाच विचारायचा.

दुसरा घोळ नंबर लागल्यानंतरचा. कमिटी १-१६, २-१५ हा क्रम जसाच्या तसा पाळत नाही. यजमान कॉलेज पात्र ठरलं तर ते आपल्याच गटात खेळतं, एका कॉन्फरन्सच्या टीम पहिल्या फेरीत शक्यतो समोरासमोर आणत नाहीत, आणि तिकिटं खपायला हवीत हाही विचार असतो. २०१५ मध्ये प्रॉव्हिडन्स कॉलेज पंधरावं होतं. त्याला सामना मिळाला कुठे? प्रॉव्हिडन्स शहरातच! समोर गटातली अव्वल टीम, ओहायोहून आलेली मायामी. प्रॉव्हिडन्स ७-५ ने जिंकलं आणि पुढे अंतिम सामन्यात बोस्टन युनिव्हर्सिटीला ४-३ ने हरवून विजेतं ठरलं. दोनच वर्षं आधी, २०१३ मध्ये, येलही पंधराव्या नंबरवरून विजेतं झालं होतं.

"बघा, सीडिंग फोल आहे," असं लगेच म्हणू नका. गोल मोजके, गोलकीपर एखाद्या दिवशी भिंत होतो, आणि फैसला एकाच सामन्यात. दोन निकालांवरून क्रमवारी चूकही ठरत नाही, बरोबरही नाही. त्यासाठी बऱ्याच वर्षांचे सामने घेऊन वरच्या नंबरची टीम किती वेळा जिंकली, आणि दुसऱ्या पद्धतीने अंदाज जास्त जुळला असता का, हे बघावं लागेल. त्यातही प्रॉव्हिडन्सच्या त्या विजयात खेळ किती आणि घरचं मैदान किती, हे वेगळं काढता येत नाही, कारण मांडणीनेच दोन्ही एकत्र केलं.

माझी मूळ तक्रार वेगळी आहे. हा नंबर झालेल्या कामगिरीचं बक्षीस आहे की आजच्या ताकदीचा अंदाज, हे कुणी ठरवून सांगत नाही. बक्षीस असेल, तर ते घेऊन आलेल्या टीमला प्रतिस्पर्ध्याच्या गावात पाठवणं अन्याय आहे. अंदाज असेल, तर ५४ टक्क्यांचा हिशोब द्यायला हवा. सूत्र जाहीर आहे, कुणीही घरी बसून आकडेमोड करू शकतं, हे चांगलंच. पण पारदर्शक असणं वेगळं आणि योग्य असणं वेगळं.

ज्युनिअरला मी एवढंच म्हटलं: वजनं नंतर ठरव. आधी एका वाक्यात लिही, की हा निर्देशांक नेमकं काय मोजतो आणि कुठलं निरीक्षण आलं तर तू तो चुकीचा मानशील. ते वाक्य त्याने अजून पाठवलेलं नाही. खरं सांगायचं तर मला माझं लिहायला दोन महिने लागले होते.