‘नोकरी सोडली’ म्हणजे काय?

जयंतीच्या भाषणांत एक वाक्य ठरलेलं असतं : बाबासाहेबांनी बडोद्याची नोकरी सोडली. वक्ता ते म्हणतो आणि लगेच पुढच्या पदवीकडं वळतो. मला ते वाक्य खुपतं. १९१८ साली बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, १९२० साली लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला तिथून बाहेर पडले. त्याला सोडणं म्हणावं. १९५१ साली मंत्रिपद टाकलं आणि कारणं लेखी दिली. तेही सोडणंच. पण १९१७ चं बडोदं या क्रियापदात बसत नाही.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ही त्यांची इंग्रजी पुस्तिका त्यांच्या पश्चात, १९९० साली छापली गेली. लोक ती प्रवासातल्या अपमानांच्या आठवणी म्हणून वाचतात. मी ती नोकरीतून हुसकावलेल्या माणसांचं लिखाण म्हणूनही वाचतो.

बडोद्याचा भाग बघा. संस्थानाच्या पैशानं शिकलेला माणूस ठरल्याप्रमाणं संस्थानाच्या चाकरीत येतो. अकौंटंट जनरलच्या कचेरीत नेमणूक होते. राहायला जागा नाही. पारशी नाव घेऊन पारशांच्या उतारूगृहात दिवस काढतो. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात. तो आठवडाभराची मुदत मागतो, कारण सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज वर पडून आहे. मुदत मिळते संध्याकाळपर्यंतची. हिंदू मित्र म्हणतो, तू आलास तर माझे नोकर जातील. ख्रिस्ती मित्र बायकोला विचारायला हवं म्हणतो. मग कामाठीबाग, आणि रात्री नऊची मुंबईची गाडी.

आता सांगा, यात साहेब कुठं आहे? बडतर्फीचा हुकूम कुठं आहे? फायली लांबून टाकणारे शिपाई आपल्याला चरित्रांतून माहीत आहेत, पण इथं कचेरी जवळपास येतच नाही. नोकरी कचेरीत होती आणि तोडली उतारूगृहात. दफ्तरात काय राहिलं असेल? माणूस कामावर यायचा बंद झाला, एवढंच.

याच पुस्तिकेच्या शेवटी एक तलाठी आहे. भंगी म्हणून हिणवलेल्या जातीतला, व्हर्नाक्युलर फायनल पास पोरगा. १९३६ साली खेडा जिल्ह्यात बोरसदच्या मामलेदार कचेरीत लागतो. इथं मात्र कचेरी आहे : लांब उभा राहा म्हणणारा कारकून, पाण्यासाठी वेगळा गंजका डबा. पुढं एका गावात वाचनालयापाशी जमाव त्याला घेरतो. पोरगा कागद मागून घेतो आणि मामलेदाराला मोठ्या अक्षरांत लिहितो, की आज माझं मरण आलंय, आईबापाला कळवा. अक्षरं मोठी अशासाठी, की जमावाला वाचता यावीत आणि हात आवरावेत. वाचनालयवाला ते वाचतो आणि फाडायला लावतो. पोरगा फाडतो. नोकरी सोडतो, असं कबूल करतो.

बाबासाहेबांनी ही हकीकत त्या पोराच्याच तोंडून येऊ दिली आहे. मध्ये स्वतःचं भाष्य घुसडलं नाही. मला यात लेखक म्हणून त्यांची मोठी समज दिसते. परदेशी पदव्यांचा माणूस आणि फायनल पास पोरगा, मध्ये एकोणीस वर्षं. दोघांची गाडी मुंबईलाच येते. कागदावर दोघेही आपापल्या पायांनी गेलेले.

आपल्या कथांबद्दलची माझी तक्रार इथं आहे. आमचा कथाकार नोकरी गेल्याची गोष्ट लिहितो तेव्हा त्याला एक दुष्ट साहेब लागतो, मेमो लागतो, शेवटी मेमो फाडणारा नायक लागतो. टाळ्या पडतात. असे साहेब नाहीत असं कोण म्हणतंय? ढीगभर आहेत. पण हुकमाशी लढायला निदान काही हत्यार आहे. सरकारी नोकराला चौकशीशिवाय, आरोप सांगून त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय काढता येत नाही, हे घटनेच्या ३११ व्या कलमात लिहिलंय. हुकूमच निघाला नाही तर कलम कशाला लावणार? घरमालक, पाण्याचा माठ, बदलीचं गाव, डबा घेऊन दुसऱ्या टेबलाकडं सरकणारे सहकारी, या सगळ्यांनी मिळून राजीनामा लिहून घेतला, तर खाली सही आपलीच असते. ही सही कशी होते, ते लिहिणं अवघड आहे. म्हणून मेमोवर भागवतात.

त्या तलाठ्याच्या गोष्टीत मेमो फाडणारा नायक नाही. जो एकच कागद होता तो त्याला स्वतःच्या हातानं फाडावा लागला. पुढं तो पंधरा दिवसांची रजा काढतो आणि आईबापाकडं येतो. रजा! कचेरीच्या भाषेत तो अजून नोकरीतच आहे. संध्याकाळी सातपर्यंत त्याला तिथं धरून ठेवलं होतं. गावचा तलाठी आणि मुखी तोवर आलेच नव्हते.