टॉम, लिस्ट आणि लातूरची हलगी

‘टॉम अँड जेरी’मधला तो भाग आठवतो? टॉम सूट घालून पियानो वाजवतोय आणि पियानोत झोपलेला जेरी वैतागलाय. १९४७च्या त्या कार्टूनमध्ये वाजते ती फ्रांझ लिस्टची ‘हंगेरियन ऱ्हॅप्सडी क्रमांक २’. नांदेडला लहानपणी ते बघून मी नुसता हसायचो. संगीत नीट ऐकलं ते पुण्यात नोकरी लागल्यावर, हेडफोन घेतले तेव्हा.

या रचनेचे दोन भाग आहेत. आधी ‘लाश्शान’, संथ आणि रुबाबदार. मग ‘फ्रिश्का’, दबकत सुरू होऊन बेभान पळणारा. फ्रिश्कात एकच स्वर भराभर ठोकला जातो, तेव्हा पियानो सिम्बालोमची नक्कल करत असतो. सिम्बालोम हे रोमा वादकांच्या ताफ्यातलं, काड्यांनी वाजवायचं, संतूरच्या कुळातलं वाद्य. मला मात्र तिथे हलगी ऐकू येते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ऐकलेली, दबकत सुरू होऊन अशीच चढत जाणारी.

रोमा वाजवतात तेच हंगेरीचं मूळ संगीत, असं लिस्टला वाटलं. १८५९मध्ये त्याने त्यावर पुस्तकही काढलं. पुढे १९०६पासून बेला बार्टोक फोनोग्राफ घेऊन खेड्यापाड्यांत फिरला आणि शेतकऱ्यांची गाणी निराळीच असल्याचं त्याने दाखवून दिलं. ते बरोबरच होतं. पण म्हणून ऱ्हॅप्सडी खोटी, हे मला पटत नाही. रोमा वादक पोटासाठी वाजवणारे, कसलेले कलाकार होते. लिस्टने पियानोवर आणली ती त्यांची अदा.

खटकतं ते वेगळंच. ब्राम्सच्या ‘हंगेरियन डान्स क्रमांक ५’ची चाल त्याने लोकधून समजून घेतली, ती निघाली बेला केलेर या हयात संगीतकाराची. ब्राम्सने या नृत्यांना ओपस क्रमांक दिला नाही, ती आपली स्वतंत्र रचना मानली नाही. तरी आज केलेर कुणाला माहीत आहे? आमच्या धंद्यात ओपन सोर्स कोड उचलला, तर मूळ लेखकाचं नाव काढता येत नाही.

लावणीला आपण लोककला म्हणतो, तरी राम जोशी, होनाजी बाळा ही नावं टिकली. ती लिहिणाऱ्या-गाणाऱ्यांची. वाजवणारे ‘पारंपरिक’ या एका शब्दात गडप झाले.

मागच्या उन्हाळ्यात लातूरला मावसभावाच्या वरातीत एका हलगीवाल्याने अख्खा रस्ता थांबवला होता. मी तीन मिनिटांचा व्हिडिओ काढला. अजून फोनमध्ये आहे, ‘हलगी लातूर’ नावाने सेव्ह केलेला.