‘स्वयंसेविका’ : एका शब्दाची परीक्षा

फलाची अपेक्षा न धरतां स्वेच्छेनें सेवा करणारा तो स्वयंसेवक, असा या शब्दाचा सरळ अर्थ आहे. राष्ट्रीय सभेच्या मंडपांत राबणाऱ्या तरुणांस तो शोभला. परंतु २००५ पासून खेड्यांत चाललेली ‘आशा’ योजना २०१३ सालीं नागरी आरोग्य अभियानाबरोबर शहरांतील दरिद्री वस्त्यांत आली, तेव्हां २०० ते ५०० घरें जिच्यावर सोंपविलीं त्या बाईसही सरकारी भाषेनें हेंच नांव दिलें. तिला मिळतें तें वेतन नव्हे. ‘मानधन’ आणि कामागणिक मोबदला. हा शब्द येथें आम्हांस खोटा वाटतो.

क्षयरोगाचेंच उदाहरण घेऊं. औषध निदान सहा महिने घ्यावयाचें. पण दोनएक महिन्यांत ताप उतरतो, खोकला थांबतो, आणि रोजंदारीवर जाणारा मनुष्य गोळ्या सोडून देतो. मग तोच रोग औषधास न जुमानणारा होऊन परततो. गोळ्या चालू ठेवावयास लावणें हें हिचें काम. इकडे रोग्यानें कित्येकदां पत्ताच खोटा दिलेला, कारण घरमालकास कळलें तर खोली जाण्याची भीति. दुपारीं जावें तर दारास कुलूप, पहांटे जावें तर सारी गल्ली नळावर. माळ्यावरच्या भाडेकऱ्याकडे शिडीनें चढावें तर खालच्या बिऱ्हाडाचे डोळे पाठीवर. मोठ्यानें ‘गोळ्या घेतल्या का?’ म्हणून विचारलें कीं संपलें; तें दार पुन्हां उघडत नाहीं. म्हणून ती मुलाच्या लसीचें निमित्त काढते, सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करते, व जातां जातां हळूच दोन शब्द बोलून येते. हें कसब नोंदवहींत उतरत नाहीं, आणि जें नोंदवहींत नाहीं त्याचा मोबदलाही नाहीं.

सरकार दाराशीं कोणत्या रूपानें येतें यास किती महत्त्व आहे, हें महाराष्ट्रास सांगावयास नको. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगच्या तपासणीसाठीं गोरे शिपाई घरांत शिरले. तो संताप रँडच्या वधापर्यंत गेला. २०२० सालीं करोनाच्या सांथींत धारावींत घरोघर तापमान मोजावयास जीं माणसें गेलीं, त्यांत वस्तीच्या ओळखीच्या आरोग्यसेविका होत्या. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें ‘आशां’चा गौरव केला, वृत्तपत्रांनीं त्यांस ‘योद्धे’ म्हटलें. (योद्ध्यास निदान पगार तरी असतो!) पुढें २०२३ सालीं महाराष्ट्रांतील आशांनीं संप केला, तेव्हां ‘संप करते ती सेवा कसली?’ असा प्रश्न आम्हीं चांगल्या सुशिक्षित घरांतून ऐकला. तो त्या घरांच्या तोंडीं या एका शब्दानेंच घातला होता.

वाङ्मयानें तरी तिला न्याय दिला काय? १९६३ सालीं जयवंत दळवींचें ‘चक्र’ व बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह यांनीं शहरांतील दरिद्री जीवन मराठी वाचकांसमोर आणलें. मात्र वही काखेंत धरून, घरची चूल मागें ठेवून शेजारणीचें दार ठोठावणारी बाई आमच्या वाचनांत अद्याप आलेली नाहीं. तिच्यांत नाट्य नाहीं, असें लेखक म्हणतील. शेजारणीचें गुपित सांभाळावयाचें आणि तेंच सरकारी वहींत लिहावयाचें, अशा पेंचांत जी रोज उभी असते तिच्यांत नाट्य नाहीं, हें आम्हांस पटत नाहीं.