कृत्रिम ऑर्गन आणि पेटीचा भाता

जुन्या वाद्यांचा नाद यंत्राच्या साहाय्याने पुन्हा निर्माण करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत पाश्चात्त्य नळ्यांच्या ऑर्गनचे अनुकरण विशेष यशस्वी ठरले आहे. १९७१ मध्ये अमेरिकेतील ॲलन कंपनीने अंकीय ऑर्गन प्रचारात आणला. पुढे ऐतिहासिक ऑर्गनांच्या एकेका नळीचा ध्वनी मुद्रित करून साठविण्याची पद्धती रूढ झाली. अठराव्या शतकातील गोटफ्रीड झिल्बरमान याची जर्मन घडण किंवा एकोणिसाव्या शतकातील कावाये-कोल याची फ्रेंच घडण आता केवळ निवडीची बाब झाली आहे.

या यशाचे कारण मूळ वाद्याच्या रचनेतच आहे. नळीला मिळणारी हवा शक्य तितक्या स्थिर दाबाची ठेवलेली असते. वादकाचे बोट स्वर सुरू करते व थांबविते. चालू असलेल्या नळीच्या स्वराचे बल ते कमीजास्त करीत नाही. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे मुख्यतः वर्ण टिपावयाचे असतात, आघात व सूर नव्हेत.

मराठीत मात्र 'ऑर्गन' हा शब्द निराळ्याच वाद्यास लागू झाला. बालगंधर्वांच्या साथीस हरिभाऊ देशपांडे जो ऑर्गन वाजवीत, त्यात नळ्या नव्हत्या. पायाने भाता चालवून धातूच्या पत्त्या कंपित केल्या जात. त्याचीच आप्त म्हणजे हातपेटी. तिच्यात उजवा हात स्वर निवडतो, डावा हात भाता हलवितो, आणि स्वर उमटल्यानंतरही त्याचे बल या डाव्या हाताच्या स्वाधीन राहते. वर्ण आणि आघात यांची ही विभागणी पेटीचे खरे व्याकरण होय.

या भेदाचे महत्त्व महाडच्या चवदार तळ्यावर विशेष ध्यानात येते. २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहाच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी मोठा समुदाय जमतो. त्या स्मरणाशी निगडित असलेली भीमगीतांची परंपरा आंबेडकरी जलशांतून वाढली. भीमराव कर्डक यांचे जलसे आणि वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते ही तिची ठळक स्थाने. या गायनाच्या साथीस आता पुष्कळदा पेटीऐवजी विद्युत् कळफलक असतो व त्यावर 'हार्मोनियम' या नावाचा एक तयार नाद निवडला जातो.

या बदलास केवळ अधोगती म्हणणे अन्यायाचे होईल. कळफलक वजनाने हलका असतो, ध्वनिक्षेपकास सहज जोडता येतो, आणि गायकाची पट्टी काळी एक असो वा काळी पाच, एका कळीने तिच्याशी जुळतो. साधन सर्वांच्या हाती असावे, हा आग्रह चवदार तळ्याच्या परिसरात तरी कोणी हीन लेखू नये.

तथापि आक्षेप साधनावर नसून त्याच्या दाव्यावर आहे. सामान्य कळफलकावर पट्टी दाबताना जेवढा जोर द्यावा तेवढाच स्वर उमटतो. उमटल्यावर बोटाने तो फुगविता येत नाही. जलशाच्या गाण्यात मात्र मुख्य गायक ओळ सोडतो, झीलकरी ती उचलतात, आणि त्या सांध्यावर पेटीवाला भात्याला झटका देऊन समुदायाला जणू पुढे ढकलतो. गायक श्वास घेत असता गाण्याचा श्वास पेटी सांभाळते. ज्या गाण्याचे प्रयोजन ऐकविणे एवढेच नसून माणसे एकत्र उभी करणे हे आहे, तेथे हा आघात अलंकार नव्हे, अर्थाचाच भाग आहे. नळीच्या ऑर्गनला पुरेशी पडणारी अनुकरणपद्धती येथे म्हणूनच अपुरी पडते.

दुसरी उणीव नोंदीची आहे. युरोपीय ऑर्गनचा नाद घडविणाऱ्याच्या नावानिशी, गावानिशी व काळानिशी जतन होतो. कळफलकावरील 'हार्मोनियम' कोणाची, कोठली, कोणत्या काळची, हे काहीच सांगत नाही. नाटकमंडळीची पायपेटी, कीर्तनातील पेटी आणि जलशातील पेटी हे भेद एका नामफलकाखाली पुसले जातात. बोलीभेद गाळून केलेल्या कोशासारखीच ही स्थिती होय.

सबब जतन करावयाचे ते सुटे स्वर नव्हेत, तर वादन. जुने पेटीवाले हयात आहेत तोवर गायक, झीलकरी व भाता यांचे एकत्र मुद्रण व्हावे, आणि त्यात डाव्या हाताचे चलन दिसावे. अशी नोंद झाल्यावर कळफलकाने पेटीची जागा खुशाल घ्यावी. परंतु त्या जागी काय होते, हे पुढच्या ऐकणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे.