त्वचा मागे ओढायची घाई कशाला?

मंडळी, वागळे इस्टेटमध्ये, किसननगरच्या चाळीत काय आणि श्रीनगरच्या सोसायटीत काय, मुलाला आंघोळ घालताना एक सल्ला हमखास मिळतो: ‘शूच्या जागेची कातडी रोज तेल लावून मागे ओढा. तीन वर्षांत सुटली नाही, तर ऑपरेशन ठरलेलं!’ आज आपण हाच सल्ला तपासून बघू.

जन्मतः ही कातडी आतल्या बोंडाला चिकटलेलीच असते. हा आजार नव्हे. मधल्या पेशी हळूहळू गळतात. कधी त्यांचे पांढरे दाणे कातडीखाली दिसतात. आपण त्याला पू समजतो, पण तो पू नसतो. कातडी सुटत चालल्याची ती खूण.

मग तीन वर्षांची मुदत कुठली? १९४९ साली ब्रिटनच्या डग्लस गेअर्डनर यांनी दाखवलं, की नवजात मुलांपैकी जेमतेम ४ टक्क्यांची कातडी पूर्ण मागे जाते. सरसकट सुंतेविरुद्ध तो मोठा पुरावा ठरला. पण तीन वर्षांपर्यंत ९० टक्के मुलांची सुटते, हा त्यांचाच आकडा पुस्तकांत नियम होऊन बसला. आमची हरकत तिथे आहे. १९६८ मध्ये डेन्मार्कच्या याकोब ऑस्टर यांनी शाळकरी मुलांची पाहणी मांडली. ६-७ वर्षांच्या ६३ टक्के मुलांत कातडी थोडीफार चिकटलेली होती. १६-१७व्या वर्षी फक्त ३ टक्क्यांत. म्हणजे बहुतेकांना नुसता वेळ द्यायचा असतो.

आता लघवीचं. शू करताना कातडी फुग्यासारखी फुगली, की घरचे घाबरतात. धार नीट येत असेल, मूल कळवळत नसेल, तर लघवी अडली असं समजू नका.

उलट जोराने ओढलं तर बारीक चिरा पडतात, रक्त येतं, जखम भरताना व्रण होतो आणि तोच खरा आवळ ठरू शकतो. नसलेला आजार आपणच तयार करतो, बरं का!

थेंब थेंब लघवी, ताप, सूज, तोंडाशी पांढरट कडक व्रण दिसला तर डॉक्टरांना दाखवा. मागे गेलेली कातडी पुढे येईना, तर लगेच हॉस्पिटल गाठा. गरज असेल तिथेही डॉक्टर बहुधा आधी स्टेरॉइडचं मलम देतात. एरवी आंघोळीत बाहेरून पाणी घाला, पुसा. कातडी सुटली, की मुलगा स्वतःच मागे घेईल.