इतिहासशिक्षकांचे प्रशिक्षण आणि १९४८ ची तीन नावे

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ ह्या पाच दिवसांत भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थानात जी मोहीम केली, तिच्यासंबंधी मराठीत तीन नावे रूढ आहेत: मुक्तिसंग्राम, पोलीस कारवाई आणि विलीनीकरण. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील वर्गांत ती पर्यायी शब्दांप्रमाणे वापरली जातात. वस्तुतः ती समानार्थी नव्हेत. पहिल्या नावात कर्ता लोक आहेत. दुसऱ्यात कर्ता शासन असून लष्करी मोहिमेस अंतर्गत बंदोबस्ताचे रूप दिलेले आहे. तिसऱ्यात कर्ताच लोपला आहे. ‘रझाकार’ ह्या शब्दाचेही तसेच. मूळ अर्थ स्वयंसेवक. मराठवाड्याच्या बोलीत तो दहशतीचा वाचक झाला, आणि ह्या अर्थांतराला अनुभवाचा आधार आहे.

ही नावे उलगडून दाखविणे हे इतिहासशिक्षकाचे काम होय. त्याचे प्रशिक्षण त्याला ह्या कामासाठी कितपत सिद्ध करते? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकास वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘निष्ठा’ कार्यक्रमात सामाजिक शास्त्रांच्या अध्यापनपद्धतीलाही स्थान आहे. तथापि सर्व देशासाठी सिद्ध केलेल्या पाठात लातूरचा शब्द येणे संभवत नाही. पद्धती सर्वसामान्य असू शकते. साधने मात्र स्थानिकच असावी लागतात. अमेरिकेत २००१ पासून सुमारे दशकभर राष्ट्रीय इतिहासाच्या शिक्षकांसाठी जे केंद्रीय अनुदान दिले गेले, त्यात शाळांच्या प्रशासनाने विद्यापीठ, ग्रंथालय वा संग्रहालय यांच्याशी सहकार्य करावे अशी अट होती. आपल्याकडे तासांची मोजणी आहे. ह्या सहकार्याची अट नाही.

ह्या उणिवेचे मोल अल्प नाही. मोहिमेनंतर पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने रझाकारांच्या अत्याचारांची नोंद केली, तशीच त्यानंतर झालेल्या मुसलमानांच्या हत्यांचीही केली. बळींचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड होते, आणि लातूर ज्यात त्या काळी मोडत असे ते उस्मानाबादही होते. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांच्या घरांत त्या सप्टेंबरच्या दोन आठवणी असू शकतात. शिक्षकाजवळ मात्र शब्द एकच असतो.

कोवळ्या वयात असे विषय काढू नयेत, असा आक्षेप घेतला जाईल. तो सर्वस्वी निराधार नाही; म्हणूनच काय, केव्हा व किती सांगावे ह्याचा विवेक आधी शिक्षकात हवा. तो मौनाने येत नाही, साधने वाचण्याच्या सरावाने येतो. तसेच, ह्या वाचनाने मुक्तिलढ्याचे महत्त्व उणावत नाही. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ स्वतः हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते. १७ सप्टेंबर १९९४ रोजी त्यांच्याच नावाने नांदेडला विद्यापीठ स्थापन झाले. ५० तासांपैकी काही तास तरी शिक्षकांना तेथे मूळ कागदपत्रांसमोर बसविण्यात खर्ची पडावेत, ही अपेक्षा त्या नावाशी सुसंगतच ठरेल.